घरभर वाय-फाय पोहोचवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एखाद्या खोलीत वाय-फायची रेंज येत नाही असे लक्षात आले की बहुतेक जण थेट नवे यंत्र विकत घ्यायला निघतात. पुढील प्रश्नोत्तरांत खरेदीचा विषय मुद्दाम उशिरा घेतला आहे, कारण पुष्कळ घरांत तिथपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. आणि वेळ आलीच, तर यंत्र कोणते घेतले यापेक्षा ते कुठे ठेवले आणि मुख्य राउटरला कसे जोडले, यावर फळ अवलंबून असते.

राउटर शेजारच्याच खोलीत आहे, तरी रेंज का येत नाही?

बहुतेक घरांत खरा अडथळा अंतराचा नसून मध्ये काय आडवे येते याचा असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. म्हणजे ३ मीटरवरून ६ मीटरवर गेल्याने जेवढे नुकसान होते, तेवढे किंवा त्याहून अधिक नुकसान एकटी जाड भिंत करू शकते. लाकडी दार, प्लायवूडचे विभाजन किंवा साधी काच यांतून लहरी फारशा न घटता जातात. विटांची भिंत बऱ्यापैकी शक्ती खाते आणि सळया घातलेले काँक्रीट त्याहून बरेच जास्त. धातू लहरी परतवून लावतो, त्यामुळे लोखंडी कपाट, फ्रिज आणि मागे धातूचा मुलामा असलेला मोठा आरसा यांच्या पाठीमागे रेंजची सावलीच पडते. पाणी लहरी शोषून घेते. भरलेली टाकी किंवा मोठे मत्स्यालय मध्ये असेल तर तेही भिंतीसारखेच मोजावे.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. लहर भिंतीला तिरकी गेली तर तिला भिंतीतून अधिक लांब प्रवास करावा लागतो. २० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत लहर भिंतीशी ३० अंशांचा कोन करून घुसली, तर तिच्या वाटेला ४० सेंटिमीटर भिंत येते. राउटर घराच्या एका कोपऱ्यात आणि अभ्यासाचे टेबल त्याच भिंतीलगत पलीकडे असेल, तर अंतर थोडे असूनही रेंज का मरते याचे उत्तर अनेकदा इथेच सापडते.

दोष वाय-फायचा आहे की इंटरनेटच्या जोडणीचा, हे कसे ओळखावे?

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवरही वेग कमीच आला, तर दोष बाहेरच्या जोडणीत किंवा राउटरमध्येच आहे आणि या पानावरील कोणताही उपाय त्याला लागू पडणार नाही. केबलवर पूर्ण वेग येतो, राउटरजवळ वाय-फायवरही चांगला येतो आणि आतल्या खोलीत मात्र कोसळतो, असे दिसले तरच प्रश्न रेंजचा आहे. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि ती टाळल्यामुळेच निष्कारण खरेदी होते.

रेंज नेमकी मोजायची कशी? फोनवरच्या कांड्या पुरेशा नाहीत का?

नाहीत. किती शक्तीला किती कांड्या दाखवायच्या हे प्रत्येक उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे दोन फोन एकाच जागी वेगवेगळे चित्र दाखवू शकतात. खरे मोजमाप डीबीएम या एककात होते आणि ते उणे आकड्यात येते. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. अँड्रॉइड फोनवर ते दाखवणारी अनेक मोफत ॲप्स आहेत, आणि मॅकवर ऑप्शन ही कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की हा आकडा थेट दिसतो.

उणे ५०च्या आसपासची रेंज उत्तम समजावी. व्हिडिओ कॉल अडखळू नये यासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. उणे ७०च्या पुढे वेग घसरू लागतो आणि उणे ८०च्या पुढे जोडणी नावापुरतीच उरते. हे एकक सरळ रेषेत वाढत नाही, हे मात्र लक्षात असावे: आकडा ३ ने, म्हणजे ३ डेसिबलने, खाली गेला की शक्ती निम्मी होते आणि १० डेसिबलने गेला की दहावा भाग उरतो. म्हणून उणे ६० आणि उणे ७० यांतला फरक कागदावर दिसतो तसा किरकोळ नसतो.

मोजताना फोन रोजच्या वापरात जसा धरला जातो तसाच, त्याच उंचीवर धरावा, आणि एकाच जागी उभे राहून चारी दिशांना तोंड करून पाहावे; माणसाच्या शरीरात पाणीच जास्त असल्याने राउटरकडे पाठ केली की आकडा खाली येतो. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आकडा उणे ७८ दाखवत असे. फोन हातभर डावीकडे सरकवला की तोच आकडा उणे ६९ होई, कारण तेवढ्याने तो मधल्या लोखंडी कपाटाच्या सावलीतून बाहेर येत होता. टेबल सरकवल्यावर दुसरे काही करावे लागले नाही. प्रत्येक खोलीतले दोन-तीन आकडे घराच्या कच्च्या नकाशावर लिहून ठेवावेत. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून घ्यायचे आहेत.

राउटर कुठे ठेवावा?

घराच्या मध्याजवळ, खांद्याच्या वर, मोकळ्यावर. या तिन्ही गोष्टी जमतातच असे नाही, कारण बाहेरून येणारी तार बहुधा प्रवेशदारापाशी किंवा खिडकीच्या कोपऱ्यात आत येते आणि जोडणी करणारा माणूस राउटर तिथेच ठेवून जातो. परिणामी निम्मी शक्ती घराबाहेर जाते आणि आतल्या खोल्यांना उरलेली मिळते. फायबरची जोडणी असेल आणि फायबरचे यंत्र व राउटर वेगवेगळे असतील, तर फायबरचे यंत्र आहे तिथेच राहू द्यावे आणि त्यातून इथरनेटची (नेटवर्कची) केबल काढून राउटर घराच्या मध्यापर्यंत न्यावा. दोन्ही एकाच पेटीत असतील, तर फायबरची तार वाढवून घेण्याचे काम सेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. ती काचेची तार तीव्र वळण सहन करत नाही.

टीव्हीच्या मागची जागा दिसायला नीटनेटकी असते, पण टीव्हीच्या मागच्या बाजूला धातूचे पत्रे असतात. बंद कपाटात ठेवलेल्या राउटरची रेंजही घटते आणि तो तापतोही. जमिनीवर ठेवलेल्या राउटरसमोर घरातले सगळे फर्निचर आडवे येते. कपाटावर किंवा भिंतीवरच्या फळीवर ठेवलेला राउटर या सगळ्याच्या वरून पाहतो. जागा बदलताना एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी त्याच ठिकाणांचे आकडे पुन्हा लिहावेत, म्हणजे कशामुळे काय झाले हे कळते.

अँटेना कोणत्या दिशेला वळवाव्यात? मोठ्या अँटेना लावल्याने फायदा होतो का?

काडीसारख्या अँटेनाच्या टोकातून लहरी निघतात, ही समजूत चुकीची आहे. त्या काडीच्या सर्व बाजूंनी, सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबसारख्या आकारात पसरतात, आणि काडी ज्या दिशेला रोखलेली असते तिकडेच सर्वांत कमी जातात. म्हणून एका मजल्याच्या घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. दोन मजले असतील तर त्यांपैकी एखादी आडवी करून पाहावी, म्हणजे वरच्या मजल्याकडेही काही लहरी जातील. अधिक डीबीआयची, म्हणजे लहरी ठरावीक दिशांना अधिक एकवटणारी अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही. ती त्या ट्यूबला दाबून चपटी आणि रुंद करते. त्याच मजल्यावर रेंज दूरवर जाते, वर आणि खाली मात्र कमी होते. जिन्यावरच्या खोलीसाठी अशी अँटेना विकत घेतली, तर पदरी निराशाच येते. अँटेना पेटीच्या आतच असलेल्या राउटरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. ते उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीतच उभे किंवा आडवे ठेवावेत.

२.४ गिगाहर्ट्झ वापरावे की ५ गिगाहर्ट्झ?

हे वाय-फायच्या लहरींचे दोन वारंवारता-पट्टे आहेत: दूर पोहोचण्यासाठी २.४ आणि वेगासाठी ५. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरते. वरच्या पट्ट्यातल्या लहरी भिंतींत अधिक घटतात, पण तिथे जागा पुष्कळ असल्याने वेग चांगला मिळतो. ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा वेगाच्या बाबतीत याच्याही पुढे आहे आणि भिंतींच्या बाबतीत तितकाच हळवा. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर उणे ७८ आणि २.४वर उणे ६६ असे आकडे येत असतील, तर त्या खोलीतल्या यंत्रांसाठी २.४ वापरण्यात कमीपणा काही नाही. घरातले स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे तर बहुधा याच पट्ट्यावर चालतात.

चॅनेल बदलल्याने रेंज वाढते का?

चॅनेल म्हणजे राउटर ज्यावर बोलतो तो पट्ट्यातला छोटा भाग. ते बदलल्याने रेंज वाढत नाही, गोंगाट, म्हणजे इतर यंत्रांच्या लहरींचा अडथळा, कमी होतो. आणि वापरणाऱ्याला दोन्हींचा परिणाम सारखाच जाणवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. शेजारचे राउटर ६ वर दाटलेले असतील तर १ किंवा ११ घ्यावे. ३ किंवा ४ निवडल्याने दोन्हीकडचा गोंगाट पदरात पडतो. या पट्ट्यात चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो, म्हणून तो चालू असताना व्हिडिओ अडखळत असेल तर कारण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबलीही याच पट्ट्यात गोंगाट करतात. राउटरला चिकटून ठेवलेली डिस्क थोडी लांब सरकवावी.

राउटरची प्रक्षेपणशक्ती वाढवता येत नाही का?

शक्तीची कमाल मर्यादा प्रत्येक देशाच्या नियमांनी ठरलेली असते आणि बहुतेक राउटर मुळातच तिच्याजवळ चालतात. शिवाय वाय-फाय हे दोघांमधले संभाषण आहे. राउटरने मोठ्याने हाक मारली तरी फोनचे उत्तर त्याच्या लहानशा अँटेनातून आणि बॅटरी सांभाळूनच येणार. ते राउटरला ऐकू आले नाही तर कांड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. पातळ ॲल्युमिनियमचा कागद राउटरमागे लावण्याचा उपायही अशाच प्रकारचा आहे: एका बाजूला थोडी वाढ, दुसऱ्या बाजूला तेवढीच घट. राउटर बाहेरच्या भिंतीला लागूनच ठेवणे भाग असेल तेवढ्यापुरता तो करून पाहायला हरकत नाही.

वाय-फाय ६ किंवा वाय-फाय ७चा नवा राउटर घेतला तर सगळ्या घरात रेंज येईल का?

या पिढ्यांची खरी कमाई वेगाची आणि अनेक यंत्रे एकत्र सांभाळण्याची आहे. वाय-फाय ६चे मानक २०२१ मध्ये संमत झाले आणि वाय-फाय ७ प्रमाणित यंत्रे २०२४ पासून येऊ लागली; भिंती त्याआधी होत्या तशाच आहेत. राउटर फारच जुना असेल तर बदलल्याने फरक पडेल, पण काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे एकच राउटर पोहोचवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. तेवढ्याच खर्चात दोन साधी यंत्रे दोन योग्य जागी ठेवणे पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते.

एक्स्टेंडर किंवा रिपीटर चांगला चालतो का? तो कुठे लावावा?

एक्स्टेंडर मुख्य राउटरचे वाय-फाय ऐकतो आणि तेच पुढे पुन्हा सांगतो. तो स्वतः काही निर्माण करत नाही, म्हणून त्याला जे ऐकू येते तेवढेच तो पुढे देऊ शकतो. जिथे रेंज येत नाही त्या खोलीतच तो लावणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे: त्या खोलीतल्या फोनवर कांड्या भरून येतात, कारण एक्स्टेंडर शेजारीच आहे, पण एक्स्टेंडरलाच राउटर नीट ऐकू येत नसल्याने वेग मरगळलेलाच राहतो. घराच्या नकाशावर आकडे लिहिले असतील तर योग्य जागा लगेच सापडते. राउटरचा आकडा उणे ६०च्या आसपास आहे आणि अडचणीची खोली तिथून एका भिंतीपलीकडे आहे, अशी दाराजवळची किंवा जिन्याच्या वळणावरची जागा निवडावी.

वेगाचा हिशोबही आधीच माहीत असावा. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा एक्स्टेंडर प्रत्येक गोष्ट दोनदा हवेतून पाठवतो, त्यामुळे त्याच्यामार्गे मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर घेतला आणि त्याने राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर व फोनशी २.४ वर बोलावे अशी मांडणी केली, तर हा तोटा टळतो. ईमेल, वाचन आणि एखादा व्हिडिओ एवढ्यासाठी एक्स्टेंडर पुरतो. एकामागे एक असे दोन एक्स्टेंडर मात्र जोडू नयेत.

मेश म्हणजे काय? तो एक्स्टेंडरपेक्षा कसा वेगळा?

मेशमधली दोन-तीन यंत्रे एकाच व्यवस्थेखाली काम करतात: एकच नाव, एकच पासवर्ड, एकाच ॲपमधून नियंत्रण, आणि कोणते यंत्र कोणामार्फत बोलणार याचा निर्णय ती आपसांत घेतात. महागड्या संचांत यंत्रांच्या आपसांतल्या संभाषणासाठी तिसरा स्वतंत्र रेडिओ (लहरी पाठवणारा आणि घेणारा भाग) असतो आणि वेगातला खरा फरक त्याच्यामुळेच पडतो. दोन रेडिओंचा स्वस्त संच वापरायला सोपा असतो, पण भिंती जाड असतील तर त्यालाही एक्स्टेंडरचेच सगळे नियम लागू होतात. म्हणून संच निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: तिसरा रेडिओ आहे का, आणि प्रत्येक यंत्राला इथरनेटचे पोर्ट आहे का. दुसरी गोष्ट मी अधिक महत्त्वाची मानतो, कारण आज नाही तरी उद्या केबल ओढता आली तर तोच संच कितीतरी चांगला चालू लागतो.

सर्वांत खात्रीचा उपाय कोणता?

केबल ओढावी आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलमधून आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र, लावावा. याबद्दल मला कधीही शंका वाटलेली नाही. भिंतीतून जे हवेने जात नाही ते तारेने जाते, दोन यंत्रांमधल्या संभाषणासाठी हवेतला वेळ मुळीच खर्च होत नाही आणि पलीकडच्या खोलीत जवळपास पूर्ण वेग मिळतो. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात लांबीचा प्रश्न येतच नाही. कॅट ५ई केबल १ गिगाबिट वेगाला पुरते; नव्याने ओढायचीच असेल तर कॅट ६ घ्यावी. फक्त ती संपूर्ण तांब्याची आहे याची खात्री करावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबली स्वस्त मिळतात, पण त्या मानकात बसत नाहीत, वाकवल्यावर लवकर तुटतात आणि त्यांतून वीज नेली तर तापतात.

वीज नेण्याचा विषय इथे मुद्दाम काढला, कारण पीओई या सोयीने ॲक्सेस पॉइंटला लागणारी वीजही त्याच केबलमधून देता येते आणि छताजवळ वेगळा प्लग काढावा लागत नाही. भिंत फोडायची नसेल तर भिंतीच्या तळाशी पट्टीच्या आतून किंवा दाराच्या चौकटीलगत चपटी केबल नेता येते. घरातल्या विजेच्या तारा असलेल्या नळीतून मात्र ती ओढू नये. आणि घराचे काम नव्याने चालू असेल, तर प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामी नळी आत्ताच टाकून ठेवावी.

घरात जुना राउटर पडून आहे. तो उपयोगी पडेल का?

पडेल, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून छान पडेल. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की काम झाले. नसेल तर आधी त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखक्रमांक) द्यावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, आणि मुख्य राउटर इतर यंत्रांना वाटत असलेल्या पत्त्यांत तो येणार नाही हेही पाहावे. मग जुन्या राउटरमधील डीएचसीपी बंद करावे, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकटा मुख्य राउटरच करेल. शेवटी मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमध्ये लावावी, वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये नव्हे. वॅनमध्ये लावली तर इंटरनेट चालते, पण घरात दोन वेगळी नेटवर्के तयार होतात आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपला सापडत नाही.

राउटर किती जुना आहे हेही पाहावे. त्यात डब्ल्यूपीए२ ही वाय-फाय सुरक्षेची पद्धतसुद्धा नसेल, किंवा त्याच्या उत्पादकाने सुरक्षा अद्ययावते देणे थांबवले असेल, तर तो वापरात आणू नये.

केबल ओढणे अशक्य असेल तर?

विजेच्या तारांमधूनच डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मिळतात. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये आणि दुसरा अडचणीच्या खोलीत लावायचा. पेटीवर छापलेल्या आकड्याच्या मानाने प्रत्यक्ष वेग बराच कमी मिळतो आणि तो घरातल्या वायरिंगवर अवलंबून असतो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावावा. सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डात त्याचा संकेत गाळला जातो. दोन प्लग वेगवेगळ्या फेजवर असतील तर जोडणी अशक्त होते किंवा होतच नाही, म्हणून परत करता येईल अशाच अटीवर तो घ्यावा. टीव्हीची कोॲक्सियल केबल खोल्यांतून आधीच फिरलेली असेल, तर त्या केबलमधून डेटा नेणारे मोका पद्धतीचे अडॅप्टर याहून भरवशाचे ठरतात.

दोन्ही यंत्रांना एकच नाव द्यावे का? फोन लांबच्या राउटरलाच चिकटून का राहतो?

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही सारखे ठेवावेत, चॅनेल मात्र वेगवेगळी द्यावीत. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कधी जायचे हे राउटर ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि अनेक फोन जुनी जोडणी अगदी अशक्त होईपर्यंत सोडत नाहीत. ८०२.११के, व्ही आणि आर या सोयी दोन्ही बाजूंना असतील तर फोनला योग्य वेळी सूचना मिळते आणि बदल लवकर होतो. त्या नसतील तर यंत्रांची शक्ती थोडी कमी करून पाहावी. हे ऐकायला विचित्र वाटते, पण दोन यंत्रांची क्षेत्रे एकमेकांवर फार चढलेली असली की फोनला हलण्याचे कारणच उरत नाही.

सगळे करूनही संध्याकाळी सगळ्यांचेच वाय-फाय मंदावते. आणखी एक यंत्र लावावे का?

आधी जागेवरून न हलणारी यंत्रे केबलवर घ्यावीत. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, आणि लांबच्या खोलीतले अशक्त रेंजचे यंत्र तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ हवा अडवून बसते. टीव्ही, टेबलावरचा संगणक आणि गेमिंगचे यंत्र यांना केबल जोडली की हवेतला तो वेळ फोन आणि लॅपटॉप यांच्यासाठी मोकळा होतो. राउटरची पोर्टे संपली असतील तर एक साधा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच (एका केबलला अनेक यंत्रे जोडणारी पेटी) पुरतो. त्याला कोणतीही सेटिंग लागत नाहीत. त्यानंतर नकाशावरचे आकडे पुन्हा घ्यावेत, आणि एखाद्या खोलीत ते तरीही उणे ७०च्या पलीकडे असतील तेव्हाच, त्या खोलीच्या अलीकडच्या जागी, नवे यंत्र लावावे.